तिथे खरंच नाझी आहेत का हो?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय, आणि या खेपेला सगळं लिहितेय. दवाखान्यात बीपी बघताना, लग्नाच्या पंगतीत, भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच प्रश्न येतो: 'तू युक्रेनला शिकलीस ना, मग सांग, ते लोक खरंच नाझी आहेत का? त्या बांदेराचे पुतळे कशाला उभारलेत त्यांनी?' बांदेरा म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला युक्रेनी राष्ट्रवादी नेता. विचारणाऱ्याला हो किंवा नाही एवढंच हवं असतं. मी इतकी वर्षं 'नाही' म्हणत आले. ते उत्तर आजही मागे घेत नाही. २०१९ च्या निवडणुकीत कडव्या राष्ट्रवादी पक्षांनी मोट बांधली, तरी त्यांना अडीच टक्केसुद्धा मतं पडली नाहीत, आणि त्याच वर्षी ज्यू घरातले झेलेन्स्की ७३ टक्के मतांनी राष्ट्राध्यक्ष झाले. पण 'नाही' म्हणताना मी एक गोष्ट गिळत आले आहे.

मी पश्चिम युक्रेनमधल्या तेर्नोपिलला सहा वर्षं काढली. हॉस्टेल सोडल्यावर जिच्या घरी राहिले, ती आजी आठ वर्षांची असताना तिच्या कुटुंबाला सोव्हिएत राजवटीने मालगाडीत घालून सायबेरियाला नेलं. १९४७ चा ऑक्टोबर. एका झटक्यात पश्चिम युक्रेनमधून ७० हजारांहून जास्त माणसं अशी उचलली गेली. गुन्हा काय, तर हिचा मोठा भाऊ जंगलात होता, बांदेराच्या माणसांनी उभारलेल्या, सोव्हिएतांशी लढणाऱ्या युक्रेनी बंडखोर सेनेत. तो परत आलाच नाही. त्याचा एक फोटो ती देवाच्या तसबिरीमागे ठेवायची. बांदेराचं लाल-काळं निशाण तिच्या लेखी त्या भावाचं. मी तिच्या हातचं खाल्लं, तापात तिने माझ्या पायांना लसूण चोळली. तिला कोणी नाझी म्हटलं की माझं डोकं फिरतं, ते त्यामुळे.

तिच्या नातवाने मला लाल-काळा बिल्ला दिला. कीव्हच्या 'मैदान' चौकात २०१३-१४ ला झालेल्या सरकारविरोधी आंदोलनानंतर असे बिल्ले पोरंसोरं सर्रास लावायची. मी एप्रनवर लावला. पेशंट खूश व्हायचे, 'आमची मुलगी' म्हणायचे.

चौथ्या वर्षी, हिवाळ्यात, मेडिसिनच्या वॉर्डात एक म्हाताऱ्या बाई होत्या. हार्ट फेल्युअर, पाय सुजून खांबासारखे. मी स्टेथोस्कोप लावायला वाकले तेव्हा त्यांनी तो बिल्ला दोन बोटांत धरला. ओढला नाही, नुसता धरून ठेवला. 'काढ,' म्हणाल्या. मला वाटलं, ऑक्सिजन कमी पडतोय, बाई भ्रमात आहेत. मी त्यांची बोटं सोडवली आणि पुढच्या खाटेकडे गेले. हे मी केलं. बिल्ला तसाच होता.

दुपारी जेवणाआधी त्यांनी छातीवर क्रूस काढला तेव्हा हात डावीकडून उजवीकडे गेला. वॉर्डातल्या बाकी बायकांचा उजवीकडून डावीकडे जायचा. त्या पोलिश वळणाच्या होत्या, एवढं मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी मी बिल्ला न लावता गेले. त्या आपणहून बोलल्या, दम खात, तुकड्या-तुकड्याने. गाव व्होलिनमधलं, म्हणजे युक्रेनच्या वायव्य भागातलं. १९४३ चा उन्हाळा. आई पोलिश, वडील युक्रेनी. शेजारच्या युक्रेनी बाईने सहा वर्षांच्या या पोरीला चुलीमागे कोंबलं. सकाळी बाहेर काढलं तेव्हा आई अंगणात होती, एका पायात बूट, दुसरा पाय उघडा. बाई मला त्या बुटाबद्दलच सांगत राहिल्या. दुसरा बूट मिळालाच नाही, म्हणाल्या, खूप शोधला. मग म्हणाल्या, 'ते जर्मन नव्हते. त्यातला एकजण आमच्याकडे कापणीला यायचा.'

त्या उन्हाळ्यात बंडखोर सेनेने व्होलिनमधली पोलिश गावंच्या गावं मारली. पुढे हे लोण पूर्व गॅलिसियात, म्हणजे तेर्नोपिलकडेही, पसरलं. इतिहासकार एकूण आकडा ५० हजार ते एक लाख सांगतात. पोलिश बाजूनेही सूड म्हणून युक्रेनी गावं जाळली गेली, ती संख्याही हजारांत आहे. २०१६ साली पोलंडच्या संसदेने या कत्तलींना वंशसंहार म्हटलं.

बिल्ला मी ड्रॉवरमध्ये टाकला. आणि २४ फेब्रुवारी २०२२ ला, पुतिननी 'नाझींचा नायनाट' म्हणत रणगाडे घातले तेव्हा, तोच बिल्ला काढून, फोटो घेऊन स्टेटसला लावला. खाली लिहिलं: ज्याला हिटलरने छळछावणीत टाकलं, ज्याचे दोन भाऊ ऑशविट्झमध्ये मेले, तो नाझी कसा?

त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. बांदेरा १९४१ ते १९४४ जर्मनांच्या कैदेतच होता, व्होलिनच्या वेळीही. पण ३० जून १९४१ ला त्याच्या माणसांनी ल्विव्हमध्ये स्वतंत्र युक्रेन जाहीर केलं, त्या जाहीरनाम्यात हिटलरच्या जर्मनीसोबत काम करण्याची ग्वाही होती, हे मी लिहिलं नाही. त्याच दिवसांत ल्विव्हच्या रस्त्यांवर ज्यू बायकांना केस धरून फरफटत नेलं, त्यात त्यांच्या मिलिशियाचे लोक होते, हेही नाही. मला तेव्हा हे सगळं माहीत होतं. बूटही माहीत होता.

'आपले नेताजी नाही का हिटलरला भेटले,' असं एक काका म्हणतात. मीही पूर्वी हाच दाखला द्यायचे, १९४२ च्या त्या भेटीचा. आता देत नाही. नेताजींबद्दल वाद आहे तो हात कोणाशी मिळवला याचा. व्होलिनमध्ये प्रश्न शेजारणीला मारण्याचा आहे.

पण म्हणून रशियन सैन्याने बुचा आणि मारियुपोलमध्ये जे केलं, ते कोणी मला समजावून सांगू नये. व्होलिनच्या मेलेल्यांनी मॉस्कोला वकीलपत्र दिलेलं नाही. ज्या पोलंडला हिशेब मागायचा हक्क आहे, त्याने २०२२ मध्ये दहा लाखांहून जास्त युक्रेनी माणसं घरात घेतली आणि तरीही हिशेब सोडला नाही. एकाच वेळी हे दोन्ही कसं जमतं ते मला कळत नाही, पण हेवा वाटतो.

तेर्नोपिल प्रांतातल्या पुझ्निकी गावात युद्धकाळात मारल्या गेलेल्या पोलिश लोकांचे सांगाडे २०२५ च्या वसंतात उकरायला सुरुवात झाली. मी ती बातमी आजीच्या नातवाला व्हायबरवर पाठवली, आजीला वाचून दाखव म्हणून. बातमी वाचल्याची खूण आली, उत्तर नाही. चार दिवसांनी आजीचा आवाज आला: तुझ्याकडे पाऊस झाला का, मुलगा जेवतो का नीट.

नोव्हेंबरात तेर्नोपिलच्या राहत्या इमारतींवर रशियन क्षेपणास्त्रं पडली. कळल्यापासून मी फोन लावत होते. शेवटी आजीनेच उचलला. तळघरात होती, खोकत होती. भावाचा फोटो सोबत आणलाय, म्हणाली. मी औषधांचं विचारलं. पुझ्निकीचं नाही विचारलं.