पंपाचा शाफ्ट आणि आत्याची रजा

बडोद्यात मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, पंपांच्या कारखान्यात मी नोकरीला आहे. पंपाबरोबर जी इंग्रजी पुस्तिका जाते ती लिहायचं काम माझ्याकडे. पंप कसा बसवायचा, ग्लँड किती आवळायची, बेअरिंगला ग्रीस केव्हा द्यायचं, असं सगळं.

गेल्या महिन्यात परदेशातल्या एका गिऱ्हाइकाने माझी 62 पानी पुस्तिका परत पाठवली. मजकुराबद्दल तक्रार नव्हती, पण पानोपानी पेन्सिलीच्या खुणा होत्या आणि एका वाक्याखाली दोन रेघा: ‘द टेम्परेचर ऑफ द बेअरिंग ऑफ द मोटर ऑफ द पंप’. समासात त्यांनी तेच तीन शब्दांत लिहिलं होतं, ‘मोटर बेअरिंग टेम्परेचर’.

मला ते फार लागलं. मी नियम पाळला होता ना! आणि नियम आत्याचा. आत्याने बडोद्यात 31 वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. मे महिन्यात आम्ही भाचरं दांडिया बाजारातल्या घरी जमलो की दुपारी पाटी-पेन्सिल निघायचीच. ‘ज्याला जीव त्याला अ‍ॅपॉस्ट्रॉफी एस, निर्जीवाला ऑफ.’ द बॉय’ज बुक, पण द लेग ऑफ द टेबल. ‘टेबल’स लेग’ लिहिलं की त्या एसवर लाल काट. आज माझं वय 44 आहे, तरी ‘पंप’स’ लिहायला हात धजत नाही.

रविवारी सेव-उसळ बांधून घेतली आणि पुस्तिका घेऊन आत्याकडे गेलो. तिने चष्मा लावून चार पानं शांतपणे वाचली. मला वाटलं होतं, ती गिऱ्हाइकावर चिडेल. ती म्हणाली, “अरे, मी रजेचा अर्ज कसा लिहायचे माहितीये? ‘टू डेज’ लीव्ह’. एस झाल्यावर अ‍ॅपॉस्ट्रॉफी. दिवसाला कुठे जीव असतो?”

मग आम्ही दोघं आठवायलाच बसलो. अ स्टोन’स थ्रो. अ‍ॅट आर्म’स लेंग्थ. द वॉटर’स एज. द शिप’स क्रू. टुडे’ज न्यूजपेपर. द सन’स रेज. आत्या म्हणाली, हे अपवाद म्हणून पाठ करून घ्यायचे असतात. माझं मत वेगळं आहे. काळ, अंतर, जहाज, सूर्य, पृथ्वी, देश, शहर, कंपनी एवढे सगळे अपवादांच्या रांगेत उभे राहिले, तर ‘निर्जीवाला नाही’ हा नियम मुलांना इतक्या ठामपणे सांगू नये.

जुन्या इंग्रजीत ही जिवाची अट नव्हतीच. दगडाला ‘स्तान’ म्हणत आणि दगडाचा म्हणजे ‘स्तानेस’. सरळ षष्ठी, राजाला लागे तशीच धोंड्यालाही. 1066 नंतर इंग्लंडात फ्रेंच बोलणाऱ्यांचं राज्य आलं, पुढच्या दोन-तीन शतकांत ‘ऑफ’ची रचना बोकाळली आणि निर्जीव वस्तू बहुतेक तिकडे गेल्या. वरचं ते चिन्ह तर आणखी उशिरा आलं, सोळाव्या शतकात, तेही फ्रेंचकडून, गळालेलं अक्षर दाखवायला. ‘एस’च्या आधीचा स्वर गळाला, त्याची ती खूण. हे वाचलं तेव्हा मला आजोबांची पत्रं आठवली. ते ‘दांत’, ‘पांच’ लिहायचे, डोक्यावर टिंब देऊन. दन्त आणि पञ्च यांतलं अनुनासिक बोलण्यातून कधीच गेलं होतं, टिंब तेवढं राहिलं होतं. 1962 च्या लेखननियमांनी आपण ती टिंबं काढून टाकली. इंग्रजीने आपली खूण ठेवली आणि तिला षष्ठीच्या कामाला लावलं.

मग ‘मोटर बेअरिंग’ हे काय? ना एस, ना ऑफ. आत्याने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, “राजमहाल.” तिच्या खिडकीपासून राजमहाल रोड काही लांब नाही. राजाचा महाल तो राजमहाल, घराचा मालक तो घरमालक. षष्ठी तत्पुरुष! प्रत्यय गळतो, अर्थ राहतो. टेबल लेग म्हणजे तेच. इंग्रजी व्याकरणाच्या तासाला ही तिसरी वाट मला कुणी दाखवली नव्हती आणि मराठीच्या तासाला तिचं नाव पाठ करून घेतलं होतं. दोन्ही तास एकाच वर्गात, एकाच बाकावर बसून केलेले. याची मला खरोखर हळहळ वाटते.

मराठी मुलाला ‘सजीवालाच एस’ हे विचित्र वाटतं, कारण आपला चा-ची-चे जीव बघत नाही. रामाचा पाय, टेबलाचा पाय. माझ्याबरोबरच्या गुजराती फिटरचंही तसंच, ‘पंपनो शाफ्ट’. पण जीव आपणही बघतो, तो दुसरीकडे. ‘खुर्ची उचलली’ म्हणतो आणि ‘बाळाला उचललं’ म्हणतो. खुर्चीला ‘ला’ लागत नाही, बाळाला लागतो. हे कुणी शिकवलेलं नसतं. मुलांना आधी हे त्यांच्याच बोलण्यातून दाखवलं आणि मग इंग्रजीकडे नेलं, तर लाल काट न मारताही समजेल.

संध्याकाळपर्यंत आम्ही 17 पानं केली. सुट्या भागाचं नाव असेल तिथे समास: पंप शाफ्ट, मोटर बेअरिंग. समोरच्या त्याच एका पंपाबद्दल बोलणं असेल तिथे एस: ‘द पंप’स नेमप्लेट’ तपासा. पहिल्यांदा ते टाइप करताना मी आत्याकडे बघितलं, तिने मान डोलावली. आणि एका ठिकाणी माझा ऑफ आत्याने हट्टाने राखला. ‘सहा महिन्यांहून जास्त काळ गोदामात पडून असलेल्या पंपाचा शाफ्ट हाताने फिरवून बघा’, असं ते वाक्य. इंग्रजीत एवढं लांबलचक विशेषण पंपाच्या मागे येतं, त्याच्या शेपटाला एस लावला तर तो गोदामालाच चिकटेल. तिथे ‘द शाफ्ट ऑफ अ पंप’ हेच बरोबर.

उरलेली 45 पानं पुढच्या रविवारी.