शंभर वर्षांचा सोहळा आणि आमची पेटी

बेळगावात टिळकवाडीतल्या काँग्रेस विहिरीवरून माझं रोजचं जाणं-येणं. 1924 च्या डिसेंबरात गांधीजी अध्यक्ष असलेलं एकमेव काँग्रेस अधिवेशन इथं भरलं, त्याच्या पाण्यासाठी ही विहीर खणली, हे शाळेपासून पाठ. शताब्दीला 27 डिसेंबरच्या संध्याकाळी गल्लीतल्या पोरांकडून तासभर गाणी बसवायची, असं आमच्या भजनी मंडळाने ठरवलं. मी पेटी वाजवते, म्हणून सगळं माझ्याच गळ्यात पडलं.

परवानगीचा अर्ज कन्नडात हवा होता. मला वाचता येतं, लिहिताना हात अडतो. शेजारच्या अक्कांनी लिहून दिला. या टेबलावरून त्या टेबलावर अशा चार खेपा झाल्या, त्याचं काय सांगायचं!

खरी कसरत गाणी निवडताना. अभंग होतेच. पण त्या अधिवेशनात कन्नड कवी हुइलगोळ नारायणरावांचं 'उदयवागली नम्म चेलुव कन्नड नाडु' गायलं गेलं होतं. लहानग्या गंगूबाई हनगल यांनीही गांधीजींसमोर स्वागतगीत म्हटलं होतं. कन्नड गाणं म्हटल्यावर दोघींनी नाकं मुरडली. आमच्या सीमाभागात गाण्यालाही बाजू असते. मी म्हटलं, अधिवेशनासाठी राबलेले गंगाधरराव देशपांडे टिळकांचे अनुयायी आणि लोकांचे 'कर्नाटक सिंह'. त्यांना कुठल्या बाजूला बसवणार? गाणं यादीत राहिलं.

पोरांना शब्द देवनागरीत लिहून दिले, तिथंच फसलो. 'चेलुव'मधला 'चे' कन्नडात ऱ्हस्व, आपल्याकडे तसा ए लिहायची सोयच नाही. पोरं 'चेऽऽ' करून ताणायची. अक्का शेजारी बसून 'चे' आला की गुडघ्यावर टिचकी मारायच्या. आठवडाभर नुसत्या टिचक्या.

26 ला रात्री मनमोहन सिंग गेल्याची बातमी आली. दुखवटा जाहीर झाला, शहरातली मोठी सभाही रद्द झाली. मी मांडववाल्याला फोन लावला. "ताई, बांबू उतरवून झालेत की," एवढंच म्हणाला. आगाऊ दिलेले पैसे गेले ते गेलेच. पोरं रडवेली झाली. एकीने तर नवी परकर-चोळी शिवली होती.

जानेवारीतल्या एका रविवारी देवळाच्या आवारात कार्यक्रम केला. मांडव नाही, लाऊडस्पीकर नाही. थंडीने पेटीची एक पट्टी चिकटली होती, ती चुकवत वाजवली. 'उदयवागली' सुरू झालं, तसं सगळ्यात धाकट्याने 'चे'च्या आधी अक्कांच्या गुडघ्याकडे पाहिलं. त्यांचा हात पदराखाली होता. त्याने 'चे' अगदी आखूड म्हटला.