पेल्याला फुटलेला घाम

मे महिन्याची दुपार. पाहुण्यापुढे कोकम सरबताचा पेला येतो, दोन मिनिटं गप्पांत जातात आणि काच धुरकट होते. नीट पाहिलं तर तो धुरकटपणा सरबताच्या पातळीपाशी थांबलेला असतो. वरची दोन बोटं काच जवळजवळ कोरडी. मग मोहरीएवढे थेंब दिसू लागतात, शेजारच्याला गिळून फुगतात. एखादा जड झाला की वाटेतल्या सगळ्यांना गोळा करत खाली घरंगळतो, मागे स्वच्छ काचेची एक रेघ.

सरबत लालभडक, थेंब मात्र बिनरंगी. ‘पेला गळतोय वाटतं’ म्हणणाऱ्याला एवढं दाखवलं तरी पुरे. त्यातूनही शंका उरली, तर पेला पुसून स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवावा. नुसता गळत असता तर काट्याला फरक पडला नसता; आतलं पाणी बाहेर आलं, इतकंच. इथे मुंबईच्या हवेत दहा मिनिटांत ग्रॅमभर वजन वाढतं.

हे पाणी हवेतलं. ३३ अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असली की घनमीटरभर हवेत साधारण २५ ग्रॅम वाफ असते. ती हवा २६-२७ अंशांपर्यंत उतरली की तिला एवढी वाफ पेलवत नाही. हे तापमान म्हणजे तिचा दवबिंदू; त्याहून गार वस्तूवर वाफेचं पाणी होतं. म्हणून मुंबईत बर्फाचीही गरज नाही, एसीतून बाहेर पडताना चष्मा आपोआप आंधळा होतो. नागपुरात ४४ अंशांच्या दुपारी आर्द्रता १५ टक्क्यांवर आली, तर दवबिंदू ११-१२ अंशांवर जाऊन बसतो. तिथे १५ अंशांच्या सरबताचा पेला बाहेरून कोरडा ठाक राहतो. मुंबईचा पाहुणा मनात म्हणणार, गार केलेलं दिसत नाही.

माठालाही आपण घामच म्हणतो, पण त्याचा हिशेब उलटा. माठ आतून पाझरतो, बाहेर आलेलं पाणी उडून जातं आणि जाताना माठाची उष्णता घेऊन जातं. कोरड्या हवेत ते झपाट्यानं उडतं, म्हणून नागपूरचा माठ बाहेरच्या उन्हापेक्षा पंधरा-वीस अंश खाली उतरू शकतो आणि मुंबईचा जेमतेम चार-पाच. हौसेनं माठाला बाहेरून ऑइलपेंट देणाऱ्यांचं तर काय सांगावं! छिद्रं बुजली, पाझर संपला. उरलं ते नुसतं मातीचं पिंप.

पेल्यावर मात्र पाणी येऊन बसतं, आणि रिकाम्या हातानं येत नाही. एक ग्रॅम वाफेचं पाणी होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता सुटते (या आहारातल्या मोठ्या कॅलरी नव्हेत). ती बहुतेक काचेतून आत शिरते. २०० मिलिलिटर सरबत तीनेक अंशांनी तापवायला तेवढी पुरते. म्हणजे ज्या थेंबांकडे पाहून घशाला कोरड पडते, तेच थेंब सरबत कोमट करत असतात. जाहिरातवाल्यांना हे थेंब इतके प्रिय, की दिव्यांच्या उष्णतेत ते टिकावेत म्हणून पाण्यात ग्लिसरीन मिसळून बाटलीवर फवारतात. त्या बाटलीला गार असण्याचीही गरज नसते.

पेला पुसून उपयोग नाही, काच गार आहे तोवर नवे थेंब येणारच. दुहेरी भिंतीचा पेला घेतला तर बाहेरची भिंत दवबिंदूच्या वर राहते आणि भानगड मिटते. स्टीलचा पेला क्षणात ओला होतो, कारण पातळ स्टील आतला गारवा लगेच बाहेर पोचवतं.

खरं नुकसान होतं ते फ्रिजमधल्या रव्याचं. डबा बाहेर काढून लगेच झाकण उघडलं, की दमट हवा आत शिरते आणि गार रव्यावर तेच दव धरतं. दोन-चार वेळा असं झालं की गुठळ्या. डबा तासभर बंदच बाहेर ठेवावा, घाम बाहेरून येऊन जाऊ द्यावा, मग झाकण काढावं. इतका धीर उपम्याच्या घाईत कोणाला असतो, हा भाग वेगळा.

आणि सागवानी टीपॉय. पेल्याखालचं पांढरं वर्तुळ म्हणजे पॉलिशमध्ये अडकलेला ओलावा. ते ताजं असेल तर कोरडं सुती फडकं टाकून वरून कोमट इस्त्री भरभर फिरवली, की बऱ्याचदा जातं. एका जागी इस्त्री थांबली तर पॉलिशच उठतं. डाग काळा असेल तर पाणी लाकडात उतरलंय; मग सुताराला बोलवा. कोस्टर वापरावेत हे सगळ्यांना माहीत आहे. घरात ते चार असतात आणि पाहुणे पाच. पाचव्याच्या पेल्याखाली वर्तमानपत्राची घडी जाते, आणि पेला उचलला की कालचा मथळा बुडाला चिकटून वर येतो.