डिझेलचा वास

"चार दिवस झाले येतोय वास," वॉचमन म्हणाला, आणि ते पण इतकं सहज की जणू लिफ्टमधली ट्यूब गेलीये. जनरेटरच्या डिझेल पाइपखाली कोणीतरी वाळू टाकून ठेवलेली, ती काळी ओली झालेली. दिवाळीला पाइपला चकाचक निळा ऑइल पेंट मारला होता, क्लॅम्पपाशी नुसता अंगठा दाबला तर रंगाचा पापुद्रा निघाला आणि मागनं तांबडा भुगा.

मला एकदम अलास्का आठवलं (नोकरीची सवय, दुसरं काय). 2006 चा मार्च, प्रुडो बेचं तेलक्षेत्र, कच्च्या तेलाची 34 इंची लाइन आतून गंजलेली, भोक केवढं तर पाव इंच बाय अर्धा इंच. त्यातनं जवळपास 8 लाख लिटर तेल बर्फाखाली पसरलं आणि कळलं कसं, तर गाडीतनं जाणाऱ्या एका कामगाराला वास आला म्हणून! लाइन आतून घासून काढायला पिग नावाचं यंत्र सोडतात, ते तिथे 1998 नंतर सोडलंच नव्हतं.

सोसायटीच्या सेक्रेटरींना लगेच फोन केला.

"अहो, पण आत्ताच तर रंग दिलाय ना त्याला?"

आता यावर काय बोलायचं, सांगा?