प्रतिवेदकाच्या मेजावरून दिसलेले आबासाहेब

आमच्या वेळच्या नागरिकशास्त्राच्या पुस्तकात आमदार अर्ध्या पानात संपत असे. तो भारताचा नागरिक असावा, त्याचे वय पंचवीस वर्षांपेक्षा कमी नसावे, विधानसभेची मुदत पाच वर्षांची असते, एवढे घोकले की परीक्षेपुरते भागत असे. आपल्या शाळेतले सर मात्र हा धडा आला की पुस्तक मिटून ठेवत आणि आपल्या आमदाराने या अधिवेशनात काय विचारले ते वर्तमानपत्रातून शोधून आणायला सांगत. सोलापूर जिल्ह्यातल्या आपल्या सांगोला तालुक्यात हा गृहपाठ अवघड नव्हता. भाई गणपतराव देशमुख, म्हणजे तालुक्याच्या तोंडचे आबासाहेब, यांनी काही विचारले नाही असे अधिवेशन सहसा जात नसे.

या गृहपाठाचा माझ्यावर झालेला परिणाम थोडा लांबचा आहे. १९७९ साली शालान्त परीक्षा देऊन मी शाळेतून बाहेर पडलो, पुढे पदवी घेतली, मराठी लघुलेखन शिकलो आणि महाराष्ट्र विधानमंडळ सचिवालयात प्रतिवेदक म्हणून नोकरीला लागलो. प्रतिवेदक म्हणजे सभागृहात अध्यक्षांच्या आसनासमोरील मेजाशी बसून सदस्यांचा प्रत्येक शब्द टिपून घेणारा माणूस. आपली पाळी संपली की दुसरा येऊन बसतो, आपण उठून टिपलेला मजकूर मराठीत उतरवायचा आणि ‘असुधारित प्रत, प्रसिद्धीसाठी नाही’ अशा मथळ्याची ती पाने पुढे पाठवायची. निवृत्तीपर्यंत मी हेच काम केले. त्यामुळे ज्यांच्याविषयी मुंबई-नागपूरचे पत्रकार ‘साधे राहणारे ज्येष्ठ आमदार’ असे दोन ओळींत लिहीत, त्यांना काम करताना काही हातांच्या अंतरावरून पाहण्याची संधी मला मिळाली. शाळेच्या महोत्सवाच्या या स्मरणिकेत त्याविषयीच लिहावे असे वाटले.

आबासाहेबांचा जन्म मोहोळ तालुक्यातील पेनूरचा. कायद्याचे शिक्षण घेऊन ते सांगोल्यात वकिली करू लागले आणि शेतकरी कामगार पक्षाच्या लाल बावट्याखाली १९६२ साली विधानसभेवर निवडून आले. महाराष्ट्र राज्य स्थापन होऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती. १९६७ साली ते पुन्हा आले, १९७२ साली पडले. त्या पराभवापाठोपाठ तो दुष्काळ आला, ज्याची आठवण माझ्या वयाच्या प्रत्येक माजी विद्यार्थ्याला असणार. आमच्या आया खडी फोडायला जात, दुपारी कामावर सुकडी मिळे, आणि मिलो नावाची परदेशी तांबडी ज्वारी घशाखाली उतरत नसली तरी खावी लागे. १९७४ च्या पोटनिवडणुकीत आबासाहेब पुन्हा सभागृहात आले. त्यांच्या पुढच्या साऱ्या राजकारणाचा पाया या दुष्काळाने घातला, असे मला त्यांची भाषणे उतरवताना सतत जाणवत असे. विषय कोणताही असो, बोलणे फिरून पाणी, मजुरी आणि चारा या तीन गोष्टींवर येई.

आता सभागृहातील कामाविषयी. आमदाराच्या हाती असलेली आयुधे बाहेरच्या माणसाला फारशी दिसत नाहीत. तारांकित प्रश्न असतो, म्हणजे मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न, त्यावर उपप्रश्न असतात. लक्षवेधी सूचना असते, अर्धा तास चर्चा असते, अर्थसंकल्पाच्या मागण्यांवर कपात सूचना असतात. घोषणा देऊन सभात्याग केला की संध्याकाळच्या बातमीत नाव येते. उपप्रश्न नीट विचारला तर बातमीत काहीच येत नाही, पण मंत्र्याला उत्तर द्यावे लागते, ते उत्तर कार्यवाहीत, म्हणजे सभागृहाच्या अधिकृत नोंदीत, छापले जाते, आणि त्यात आश्वासन असेल तर विधानमंडळाची आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करू शकते. आबासाहेबांचा भर या दुसऱ्या मार्गावर होता. ते सभागृहात शेवटपर्यंत बसत. रात्री उशिरापर्यंत मागण्यांवरील चर्चा लांबली, बाके ओस पडली आणि मेजाशी बसलेल्या आम्हालाही घड्याळ दिसू लागले, तरी विरोधी बाजूला एक पांढरी टोपी हमखास जागेवर असे. बोलायला उभे राहिले की वाक्य पुरे करत. हे लहानसे वैशिष्ट्य वाटेल, परंतु अर्धवट वाक्यांची पोती उपसण्यात ज्याचे आयुष्य गेले त्याला त्याची किंमत कळते. आकडा सांगताना गती कमी होई, आणि शासन निर्णयाचा उल्लेख आला की तो तारखेसह येई.

त्यांच्या कामातील सर्वांत लांबलेला धागा पाण्याचा होता, आणि तो समजायला आपल्या तालुक्याचा भूगोल आठवावा लागतो. सांगोला माण नदीच्या खोऱ्यात आहे. ही नदी भीमेला मिळते, पण वर्षाचा बराच काळ तिच्या पात्रात वाळूच असते. नीरा उजव्या कालव्याचे पाणी आपल्याकडे येते ते त्याच्या शेपटाला, आणि शेपटाचे पाणी कधी पोहोचते हे पुच्छभागातल्या शेतकऱ्याला कोणी सांगायला नको. तेव्हा उरतो तो कृष्णेचे पाणी पंपाने टप्प्याटप्प्याने उचलून पठारावर आणण्याचा मार्ग. कराडजवळची टेंभू योजना आणि मिरज तालुक्यातली म्हैसाळ योजना, या दोन्हींचे महत्त्व आपल्याला आहे ते यासाठी. राज्याराज्यांतील पाणीवाटपाचा तंटा सोडवणाऱ्या बच्छावत लवादाने कृष्णेच्या पाण्यातील ५६० अब्ज घनफूट महाराष्ट्राच्या वाट्याला दिले आणि निवाड्याच्या फेरविचारासाठी ३१ मे २००० नंतरची मुदत ठेवली. त्या आत धरणे आणि योजना उभ्या राहिल्या नाहीत तर हक्काचे पाणी हातचे जाईल, ही भीती नव्वदीच्या दशकात सर्वांनाच होती. १९९३ पासून आटपाडीत सांगली, सातारा आणि सोलापूर या जिल्ह्यांतील तेरा दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद भरू लागली. तिचे प्रवर्तक क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी होते, भारत पाटणकर होते आणि आबासाहेब होते. रस्त्यावर ती परिषद आणि सभागृहात तिच्याच मागण्यांचे प्रश्न, अशी ही जोडी होती. १९९६ साली कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले, कामे सुरू झाली, रखडली, पुन्हा सुरू झाली. पाणी उचलायचे तर वीज लागते आणि तिचे बिल दुष्काळी शेतकऱ्याला झेपत नाही, हा पुढचा तंटा. त्यातून बिलाचा ८१ टक्के भार शासनाचा आणि १९ टक्के लाभधारकाचा, असे सूत्र अखेर ठरले. या सर्व काळातील कार्यवाहीचे खंड चाळले तर टेंभूवरचा प्रश्न वर्षानुवर्षे थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा आलेला दिसतो. आमच्या शाखेतले एक सहकारी गमतीने म्हणत की सांगोल्याचा प्रश्न आला म्हणजे अधिवेशन रीतसर सुरू झाले.

रोजगार हमीचेही तसेच. योजनेची मूळ कल्पना विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची, तिचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. पुढे १९९० च्या सुमारास या योजनेला फळबाग लागवडीची जोड मिळाली आणि आपल्या माळरानावर आधी बोर व मग डाळिंब उभे राहिले. ज्या शिवारात आमच्या पिढीने कुसळांशिवाय काही पाहिले नाही तिथून डाळिंब परदेशी जाऊ लागले. तेल्या रोगाने त्या बागांची पुढे काय दशा केली तो विषय वेगळा. कापूस न पिकणाऱ्या या तालुक्यात शेतकऱ्यांची सहकारी सूत गिरणी उभी करून ती नीट चालवून दाखवणे, हेही आबासाहेबांच्याच खात्यावर जमा आहे.

मंत्रिपदाविषयी थोडक्यात लिहितो, कारण तो त्यांच्या कारकिर्दीचा थोडका भाग आहे. १९७८ साली शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात आणि १९९९ साली विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात ते मंत्री होते. बाकी जवळजवळ सगळा काळ विरोधी बाकावर गेला. एस.टी. गाडीत पुढच्या आसनावर ‘आमदार’ अशी रंगवलेली अक्षरे असतात. तालुक्याबाहेरच्या बहुतेकांनी त्या आसनावर आमदार बसलेला कधी पाहिला नसेल. आपल्याकडच्या प्रवाशांना त्याचे अप्रूप नव्हते. या साधेपणावर पुष्कळ लिहून झाले आहे, आणि माझे मत विचाराल तर जरा जास्तच. एस.टी.ने फिरणारा परंतु सभागृहात गप्प बसणारा आमदार तालुक्याच्या काय कामाचा?

विरोधात राहण्याची किंमतही तालुक्याने मोजली, हे जुबिलीच्या अंकातसुद्धा लिहिले पाहिजे. सत्ताधारी आमदारांच्या तालुक्यांत कारखाने आणि कालवे लवकर पोहोचले, आपल्याकडे टेंभूचे पाणी येईपर्यंत एक पिढी म्हातारी झाली. शेतकरी कामगार पक्ष (शेकाप) राज्यभर आक्रसत गेला, आणि पक्ष न सोडण्याचा आबासाहेबांचा हट्ट कित्येकांना, आमच्या घरातल्या तरुणांनाही, कळेनासा झाला. १९९५ साली शहाजीबापू पाटील यांनी त्यांचा अवघ्या १९२ मतांनी पराभव केला, त्यामागे ही अस्वस्थता होती असे मला वाटते. १९९९ साली आबासाहेब परत आले आणि २००४, २००९ आणि २०१४ या तिन्ही निवडणुका त्यांनी जिंकल्या.

एकाच मतदारसंघातून अकरा वेळा विधानसभेवर, ही त्यांची ओळख झाली. हा देशातील विक्रम असल्याचे आपल्याकडे सर्रास छापले जाते. केरळातील पाला मतदारसंघातून के. एम. मणी तेरा वेळा निवडून आले, तेव्हा ते विशेषण जपून वापरावे. २०१२ साली आबासाहेबांच्या संसदीय वाटचालीला पन्नास वर्षे झाली म्हणून सत्ताधारी आणि विरोधक दोघांनीही त्यांचा गौरव केला. २०१९ साली वयामुळे ते निवडणुकीला उभे राहिले नाहीत. त्यांचे नातू अनिकेत यांना ७६८ मतांनी हार पत्करावी लागली. ३० जुलै २०२१ रोजी सोलापुरात आबासाहेबांचे निधन झाले. २०२४ साली दुसरे नातू बाबासाहेब देशमुख याच मतदारसंघातून, शेकापकडूनच, निवडून आले.

शाळेच्या महोत्सव समितीला एक सूचना करतो. विधानसभेच्या कार्यवाहीचे छापील खंड विधानमंडळाच्या ग्रंथालयात जतन केलेले आहेत. त्यांतील सांगोला तालुक्याविषयीचे प्रश्न, उत्तरे आणि भाषणे निवडून त्यांच्या प्रती आपल्या शाळेच्या वाचनालयात ठेवता येतील. सुरुवात १९७४ च्या पोटनिवडणुकीनंतरच्या खंडांपासून करावी, कारण दुष्काळावरच्या त्या चर्चांत आपल्या आईवडिलांनी केलेल्या कामांचे आणि त्यांना मिळालेल्या मजुरीचे तपशील सापडण्याचा संभव आहे. सूची कशी पाहायची, कोणत्या अधिवेशनाचा कोणता खंड मागायचा, हे मला ठाऊक आहे. नववी-दहावीचे विद्यार्थी या कामाला यायला तयार असतील तर त्यांच्याबरोबर बसायला मी तयार आहे.

— एक माजी विद्यार्थी, शालान्त तुकडी १९७९