माँट्रियलला गाडीने जावं की विमानाने?

थँक्सगिव्हिंग झालं की आमच्या न्यू जर्सीतल्या ओळखीपाळखीत कुणी ना कुणी विचारतंच, डिसेंबरच्या सुट्टीत मुलांना घेऊन माँट्रियलला जायचंय, गाडी काढू की तिकिटं? तुम्हीही विचारलंत म्हणून लिहिते.

आधी माझाच प्रश्न, अमेरिकेतलं व्हिसा-स्टेटस काय तुमचं? ग्रीनकार्ड असेल तर कॅनडाचा व्हिसा लागत नाही, भारतीय पासपोर्ट आणि कार्ड दोन्ही चालू हवेत, झालं. एच-वन म्हणजे नोकरीचा व्हिसा असेल तर मात्र व्हिजिटर व्हिसा लागतोच आणि तो वेळेत हातात पडेल या भरवशावर नॉन-रिफंडेबल हॉटेल बुक करू नका प्लीज. पासपोर्टवरचा अमेरिकेच्या व्हिसाचा स्टॅम्प संपला असला तरी आय-94 (अमेरिकेत कधीपर्यंत राहता येईल याची नोंद) चालू असेल आणि 30 दिवसांच्या आत परतणार असाल तर बहुतेकांना परत येता येतं, ऑटोमॅटिक रीव्हॅलिडेशन म्हणतात त्याला, पण तिकडे जाऊन नव्या स्टॅम्पसाठी अर्ज केलात की ती सवलत गेली. मुलांसोबत आईबाबांपैकी एकच जण असेल तर दुसऱ्याचं संमतीपत्र ठेवा.

आता गाडी. एडिसनहून सहाशे किलोमीटरच्या थोडं वर, रस्ता कोरडा असेल तर थांबत थांबत आठेक तास. ऑल्बनीनंतर आय-87 हायवे सरळ बॉर्डरपर्यंत, पलीकडे तोच रस्ता क्यूबेकची, म्हणजे माँट्रियलच्या प्रांताची, ऑटोरूट 15 होतो. लेक जॉर्जला टाकी फुल करा, पुढे ॲडिरॉन्डॅकच्या डोंगरात पंप लांब लांब आहेत आणि फोनची रेंज मधेच जाते. क्यूबेकच्या गाड्यांना 1 डिसेंबर ते 15 मार्च विंटर टायर सक्तीचे आहेत, आपल्या नंबरप्लेटला तो नियम नाही, तरी माझं मत विचाराल तर त्या टायरशिवाय निघूच नका. आणि काचेवर मारायचं ते पाणी थंडीचंच भरा, उन्हाळ्यातलं तिकडे गोठतं आणि मिठाच्या चिखलाने समोरचं काही दिसत नाही.

"विमान म्हणजे बर्फाची कटकट नाही" असं म्हणणाऱ्यांचं मला हसू येतं, जे वादळ रस्ता बंद करतं तेच नेवार्कच्या फ्लाइट्सही रद्द करतं ना! विमानाचा खरा फायदा परतताना, अमेरिकेचं इमिग्रेशन माँट्रियलच्या एअरपोर्टवरच उरकतं, नेवार्कला उतरलात की बॅग घेऊन थेट घरी.

शहरात गाडीचा उपयोग शून्य. बर्फ काढायचा असला की रस्त्यावर केशरी पाट्या लागतात, वेळेत हलवली नाही तर गाडी उचलून नेतात, शिवाय माँट्रियल बेटावर लाल सिग्नलला उजवीकडे वळायलाही बंदी. त्यापेक्षा मेट्रोजवळचं गॅरेजवालं हॉटेल घ्या, डाउनटाउनमध्ये तीसेक किलोमीटरचे भुयारी रस्ते आहेत, उणे वीसमध्येही मॉलपासून मेट्रोपर्यंत कोट न घालता फिरता येतं.

तर माझं उत्तर: चौघं असाल आणि परतीनंतर ऑफिसच्या आधी एक दिवस मोकळा ठेवता येत असेल तर गाडी, दोघंच असाल तर विमान. टोरांटोचं हेच गणित धरू नका हं, वाटेत बफेलोच्या बाजूला लेक-इफेक्टचा, म्हणजे मोठ्या तळ्यावरून येणाऱ्या वाऱ्याचा, बर्फ तासाभरात रस्ता गिळतो, 2022 च्या ख्रिसमसला तिथे गाडी चालवायलाच बंदी घातली होती. तिकडे जायचं असेल तर मी सरळ मेमध्ये जा म्हणेन.