तुम्ही विचारलंत म्हणून: औषधाच्या पाण्यात जंतू जगतातच कसे?

लातूरच्या एका कॉलेजात मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. हे कळलं की लग्नाच्या पंगतीतसुद्धा कुणीतरी विचारतंच: "औषधाच्या कंपनीचं पाणी म्हणजे जंतू मारायचं औषधच की! ते ओढ्यात गेलं तर ओढा उलट स्वच्छ व्हायला पाहिजे." गेल्या महिन्यात मामांनी विचारलं. त्यांना जे सांगितलं, तेच इथे लिहिते.

आपली मांजरा बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरात उगम पावते, लातूर, बीदर करत तेलंगणात शिरते. तिथे हैदराबादजवळच्या पटनचेरू औद्योगिक वसाहतीचं पाणी इसकवागू आणि नक्कवागू या ओढ्यांमधून तिला येऊन मिळतं. पटनचेरूला औषधांचा कच्चा माल बनवणारे कारखाने आहेत. त्यातल्या सुमारे 90 कारखान्यांचं सांडपाणी एका सामायिक प्रक्रिया केंद्रात यायचं. स्वीडनच्या योआकिम लार्सन आणि सहकाऱ्यांनी केंद्रातून प्रक्रिया होऊन बाहेर पडणारं पाणी तपासलं. 2007 साली छापून आलेला आकडा असा: लिटरमागे 31 मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सॅसिन, म्हणजे सिप्रो हे अँटिबायोटिक. म्हणजे साधारण 16 लिटरच्या बादलीत 500 मिलिग्रॅमची एक अख्खी गोळी. ती गोळी आपण घेतल्यावर रक्तातसुद्धा औषध एवढं दाट होत नाही. केंद्रातून दिवसाला अंदाजे 45 किलो सिप्रो वाहून जात होतं. हिशेब केला तर रोजच्या 90,000 गोळ्या.

"मग तर एकही जंतू राहायला नको," मामा म्हणाले.

इथेच खरी गोम आहे. सांडपाणी साफ करतं कोण? जंतूच. एरेशनच्या टाकीत हवा सोडतात, त्यात बॅक्टेरिया वाढतात आणि घाण खातात. नवी टाकी सुरू करताना शेणकाला ओततात, तो त्यासाठीच. पटनचेरूच्या केंद्रात कारखान्यांच्या पाण्यावर जंतूंचं नीट भागेना, म्हणून माणसांचं मैलापाणीही मिसळत होते. एकाच टाकीत आपल्या आतड्यातले जंतू, माती-पाण्यातले जंतू आणि वरून रोजचं अँटिबायोटिक. जो सिप्रोला बळी पडतो तो पहिल्या दिवशीच जातो. ज्याच्याकडे औषध बाहेर फेकायचा पंप आहे, किंवा सिप्रो ज्या एन्झाइमला धरतं त्याचाच आकार ज्याच्यात थोडा बदललेला आहे, तो मागे उरतो. त्याला रान मोकळं.

आणि जंतूंची वारसाहक्काची पद्धत आपल्यासारखी नाही. प्लाझमिड नावाचं डीएनएचं छोटं कडं एक जंतू दुसऱ्याला देऊन टाकतो. दुसरा त्याच्या जातीचा असलाच पाहिजे असंही नाही. म्हणून जमिनीतल्या निरुपद्रवी जंतूकडची युक्ती उद्या लघवीच्या संसर्गातल्या ई. कोलायकडे दिसू शकते. त्या एका कड्यावर अनेकदा चार-पाच औषधांचे तोडगे एकत्र असतात. सिप्रोच्या पाण्यात वाढलेला जंतू सिप्रोपुरताच निगरगट्ट राहत नाही, तो त्यामुळे.

पुण्याच्या एनसीसीएस या पेशी-विज्ञानाच्या संस्थेतल्या संशोधकांनी लार्सन यांच्यासोबत याच केंद्रातल्या जंतूंचे 93 स्ट्रेन, म्हणजे वेगवेगळे वाण, 39 अँटिबायोटिक्ससमोर ठेवून पाहिले. 2013 मध्ये निष्कर्ष आला: 86 टक्के स्ट्रेन 20 किंवा जास्त औषधांना दाद देत नव्हते. हा आकडा मी वर्गात सांगते तेव्हा मागच्या बाकावरचे फोन खाली जातात. आमच्या प्रॅक्टिकलला जंतू वाढवायच्या प्लेटवर औषधाच्या डिस्क, म्हणजे छोट्या चकत्या, ठेवतात. औषध चाललं तर डिस्कभोवती स्वच्छ गोल झोन पडतो. 20 डिस्क आणि एकही झोन नाही, अशी प्लेट डोळ्यांपुढे आणायला मुलांना वेळ लागत नाही.

मामांना मात्र हायसं वाटलं होतं, की हे सगळं आपल्या खालच्या अंगाला आहे. भूगोल त्यांच्या बाजूचा आहे, पण अर्धाच. मांजरा गोदावरीला मिळते आणि ती गोदावरी पुढे गडचिरोलीत सिरोंच्याला परत आपल्या हद्दीला लागून वाहते. शिवाय प्रत्येक वेळी कारखाना लागतोच असंही नाही. पुण्यात मुठेचा गाळ तपासला तेव्हा वरच्या अंगाच्या मानाने शहरातल्या गाळात प्रतिकाराची जनुकं सुमारे 30 पट निघाली. शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलेल्या औषधांविरुद्धचीही त्यात होती. ते सगळं शहराचं मैलापाणी.

कायद्याचंही विचारतात. जानेवारी 2020 मध्ये केंद्र सरकारने मसुदा काढला होता, त्यात कारखान्याच्या सांडपाण्यात कुठलं अँटिबायोटिक किती चालेल याच्या मर्यादा होत्या. ऑगस्ट 2021 मध्ये अंतिम नियम आले, त्यातून त्या मर्यादा गायब. मला त्याचा अजून राग आहे. शास्त्रज्ञांनी सिप्रोसाठी सुचवलेली सुरक्षित पातळी लिटरमागे 0.064 मायक्रोग्रॅम आहे. पटनचेरूचा तो आकडा याच्या जवळजवळ पाच लाख पट होतो.

माझा एक जुना विद्यार्थी आता एका औषध कंपनीच्या सांडपाणी प्लांटवर केमिस्ट आहे. दिवाळीत भेटायला आला होता. पीएच, बीओडी, सीओडी, म्हणजे पाण्याची आम्लता आणि त्यातली घाण मोजणारे सगळे रिपोर्ट त्याने मोबाईलवर दाखवले.

"सगळं लिमिटमध्ये आहे, मॅडम."

होतंच. अँटिबायोटिकचा रकाना त्यात नव्हता.